पावसात मोजलेला समुद्र

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूला जुन्या यॉट क्लबची दगडी इमारत आहे. तिथे जाणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की डॉ. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४९ सालापासून या इमारतीत होती. कुलाब्याच्या टोकावरची आजची देखणी वास्तू १९६२ साली उभी राहिली. तोवर देशातले पहिल्या प्रतीचे पदार्थविज्ञान या क्लबाच्या खोल्यांमधूनच चालले. १९५५-५६ च्या सुमारास या संस्थेतली काही तरुण मंडळी पावसाळा आला की एक विचित्र उद्योग करीत. ती मुंबईचा पाऊस गोळा करीत. पिंपेच्या पिंपे पावसाचे पाणी जमवायचे, त्यातून रासायनिक रीतीने डोळ्यांना दिसणारही नाही इतका अंश वेगळा करायचा, आणि तो शिशाच्या जाड कोठडीत ठेवलेल्या मोजणीयंत्रापुढे धरून दिवसचे दिवस टिकटिक मोजत बसायचे. या उद्योगामागचा म्होरक्या एक उंचापुरा जर्मन ज्यू गृहस्थ होता. त्याचे नाव बर्नार्ड पीटर्स. हिटलरच्या छळछावणीतून तो सुटला होता, अमेरिकेच्या गोदीत त्याने हमाली केली होती, आणि ज्या गुरूने त्याला पदार्थविज्ञानाकडे वळवले त्याच गुरूच्या साक्षीने त्याचे अमेरिकेतले जगणे अवघड करून टाकले होते.

पावसाच्या त्या टिकटिकीतून पुढे समुद्राच्या तळाशी असलेल्या पाण्याचे वय काढण्याची एक नवी वाट निघाली. ती कशी, हे सांगायचे तर आधी माणसाची गोष्ट सांगायला हवी.

पीटर्स यांचा जन्म १९१० साली पोझेन येथे झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, पहिल्या महायुद्धानंतर ते पोलंडमध्ये गेले. म्युनिकमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना हा विद्यार्थी नाझींच्या विरोधात उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये सामील झाला. १९३३ च्या मार्चमध्ये डाखाऊची छावणी उघडली, आणि त्याच वर्षी पीटर्स तिथे कैदी म्हणून गेले. तीनेक महिन्यांनी त्यांना म्युनिकच्या तुरुंगात हलवले गेले. तिथून ते बाहेर कसे पडले याविषयी दोन हकिकती सांगितल्या जातात, एक सुटकेची आणि एक पळून जाण्याची. बाहेर पडल्यावर मात्र रात्री सायकल मारीत, दिवसा दडत त्यांनी आल्प्स ओलांडला आणि इटलीतले पादुआ गाठले. तिथे हॅना लिलिएन नावाची त्यांची मैत्रीण वैद्यक शिकत होती. १९३४ साली दोघे अमेरिकेला पोचले आणि त्याच वर्षी त्यांनी लग्न केले.

हॅना डॉक्टर झाल्या. पुढे दोघे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहायला गेले. हॅना संशोधनात रमल्या, आणि पीटर्स बंदरावर मालाच्या गोण्या उतरवू लागले. त्या दिवसांत बर्कलेला शिकवणाऱ्या रॉबर्ट ओपनहायमर या बुद्धिमान प्राध्यापकाशी या दाम्पत्याची ओळख झाली. पुढे अणुबाँबचे जनक म्हणून साऱ्या जगाला ठाऊक झालेले ते हेच ओपनहायमर. त्यांनी या गोदीकामगारातला वैज्ञानिक ओळखला, पदवी नसतानाही त्याला थेट वरच्या वर्गात घेण्याची व्यवस्था केली, आणि १९४२ साली पीटर्स यांनी त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळवली. आपल्याकडे गुरुकृपा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

युद्धानंतर पीटर्स न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात गेले. तिथे हेल्मुट ब्राट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी फुग्यांना फोटोग्राफिक पट्ट्या बांधून त्या उंच आकाशात सोडायला सुरुवात केली. आकाशातून पृथ्वीवर सतत एक अदृश्य वर्षाव होत असतो, त्याला आपण विश्वकिरण म्हणतो. हे विश्वकिरण बहुतेक हायड्रोजनच्या गाभ्यांचे असतात हे माहीत झाले होते. त्यात लोखंडापर्यंतची जड मूलद्रव्येही असतात, हे १९४८ साली मिनेसोटाच्या आणि रॉचेस्टरच्या संशोधकांनी मिळून दाखवले. मिनेसोटाच्या गटात फ्रँक ओपनहायमर होते, रॉबर्ट यांचे सख्खे धाकटे भाऊ. या एका शोधाने पीटर्स यांचे नाव जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले.

आणि पुढच्याच वर्षी घात झाला. १९४९ च्या जूनमध्ये अमेरिकन संसदेच्या एका चौकशी समितीपुढे, बंद दाराआड, ओपनहायमर यांची साक्ष झाली. समितीचा उद्योग एकच होता, कम्युनिस्ट शोधून काढणे. युद्धकाळात ओपनहायमर यांनी सुरक्षा अधिकाऱ्याजवळ पीटर्स यांच्याविषयी प्रतिकूल मत दिले होते, त्याची आठवण समितीने करून दिली आणि त्यांनी ते नाकारले नाही. दुसऱ्या दिवशी पीटर्स स्वतः समितीपुढे गेले. आपण पक्षाचे सभासद कधीच नव्हतो असे त्यांनी सांगितले. आठवडाभरात ओपनहायमर यांची गुप्त साक्ष रॉचेस्टरच्या वर्तमानपत्रात छापून आली. हान्स बेथे, व्हिक्टर वाइसकोफ यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांनी ओपनहायमर यांना संतापाची पत्रे लिहिली. ओपनहायमर यांनी मग त्याच गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून आपले बोलणे सौम्य केले. विद्यापीठाने पीटर्स यांना काढले नाही, ही त्या काळात मोठीच गोष्ट. पण संशयाचा शिक्का बसला तो बसलाच, आणि पासपोर्टासाठीही त्यांना हेलपाटे घालावे लागले.

मी बँकेत नोकरी केली. तिथे गोपनीय अहवाल नावाचा एक कागद असतो. वरिष्ठाने बंद खोलीत लिहिलेली एखादी ओळ, आणि ज्याच्याविषयी ती असते त्याला वर्षानुवर्षे पत्ता नसतो की आपली बढती नेमकी कुठे अडली. लिहिणारा पुष्कळदा दुष्ट नसतो. त्याला फक्त स्वतःची खुर्ची सांभाळायची असते. ओपनहायमर यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते थोर होतेच. पण या प्रकरणात त्यांनी स्वतःला वाचवण्यासाठी शिष्याला पुढे केले, असेच मला वाटते. वाचले तेही नाहीत. १९५४ साली त्यांच्या स्वतःच्या निष्ठेची चौकशी झाली, तीत पीटर्स प्रकरणही निघाले, आणि त्यांचा सरकारी विश्वास काढून घेण्यात आला. तो निर्णय अमेरिकन सरकारने २०२२ साली रद्द केला. पीटर्स यांच्यावर कुठला खटला झालाच नव्हता, त्यामुळे रद्द करण्याजोगेही काही नव्हते.

भाभा विश्वकिरणांचे जाणकार होते आणि माणसे हेरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९५१ मध्ये पीटर्स मुंबईला आले आणि सातआठ वर्षे राहिले. अमेरिकेला जो माणूस नकोसा झाला तो स्वतंत्र भारताने प्राध्यापक म्हणून बोलावून घेतला. त्यांच्याभोवती जमलेली पोरे विशीतली होती. त्यात बनारसहून आलेला देवेंद्र लाल होता, यशपाल होता. हो, तेच यशपाल, ज्यांना आपण दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’मध्ये मुलांच्या प्रश्नांना हसतमुखाने उत्तरे देताना पाहिले. पीटर्स यांनी या मुलांना फोटोग्राफिक पट्ट्यांतल्या केसाहून बारीक रेषा सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला शिकवले. १९५३ साली लाल, यशपाल आणि पीटर्स या तिघांनी के-मेसॉन या तेव्हा नव्याने सापडलेल्या अल्पायुषी कणांवर जे काम प्रसिद्ध केले, त्याने मुंबईचे नाव युरोपातल्या परिषदांत घेतले जाऊ लागले.

तोवर एक नवे कोडे पीटर्स यांच्या मनात घोळू लागले होते. विश्वकिरण हवेवर आदळतात तेव्हा हवेतल्या अणूंचे काय होते? शिकागोच्या विलार्ड लिबी यांनी दाखवले होते की नायट्रोजनपासून किरणोत्सारी कार्बन तयार होतो आणि तो लाकडात, हाडांत, कापडात उतरतो. त्यावरून जुन्या वस्तूंचे वय काढता येते. पीटर्स यांचे म्हणणे असे की एवढ्यावर हे थांबणार नाही. नायट्रोजन-ऑक्सिजनचे तुकडे उडून बेरिलियम तयार होत असणार. हवेत शंभरात एक भाग असलेल्या अरगॉन वायूचे तुकडे होऊन फॉस्फरस, गंधक, सिलिकॉन यांचे किरणोत्सारी भाईबंद तयार होत असणार. हे सगळे पावसाबरोबर खाली येत असणार. प्रत्येकाचे अर्धायुष्य निराळे. कुणाचे चौदा दिवस, कुणाचे त्रेपन्न दिवस, कुणाचे शेकडो वर्षे, कुणाचे लाखो वर्षे. म्हणजे निसर्गाने एकाच दुकानात निरनिराळ्या वेगाने चालणारी घड्याळे मांडून ठेवली आहेत. ज्याला जे मोजायचे त्याने ते उचलावे.

अर्धायुष्य म्हणजे काय ते घरातल्या उदाहरणाने सांगतो. शंभर रुपये गादीखाली ठेवले आणि महागाईमुळे दर दहा वर्षांनी त्यांची किंमत निम्मी होते असे धरा. पुढे कुणाला ती नोट सापडली आणि तिची खरी किंमत पंचवीस रुपयांएवढीच उरली आहे असे दिसले, तर ती वीस वर्षांपूर्वी ठेवली हे न विचारता कळते. किरणोत्सारी अणूंची महागाई मात्र सरकार बदलले तरी बदलत नाही.

१९५५ साली पीटर्स यांनी बेरिलियमविषयीचा आपला लेख भारतीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापला. पुढच्या दोन वर्षांत मुंबईच्या पावसात बेरिलियम सापडले, गंधक सापडले. गंधकाचा शोध पी. एस. गोयल यांचा. समुद्रतळाच्या गाळात दीर्घायुषी बेरिलियम-१० सापडले. त्याच सुमारास अमेरिकेत जेम्स अरनॉल्ड यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. या बेरिलियमचे अर्धायुष्य सुमारे चौदा लाख वर्षे. त्यामुळे भर महासागरातल्या तळावर गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर इतक्या धीम्या गतीने साचतो, हे ताडून पाहण्याचे एक नवे साधन हाती आले.

आता समुद्राच्या पोटातल्या पाण्याकडे वळतो. आपल्याला समुद्र म्हणजे लाटा, भरती-ओहोटी एवढेच ठाऊक. पण अरबी समुद्रात तीन-चार किलोमीटर खाली गेलात तर भर मे महिन्यातही तिथले पाणी दोन अंशांच्या आसपास थंडगार असते. हे पाणी मुंबईच्या उन्हात तयार झालेले नाही. दक्षिण ध्रुवाकडे बुडून ते तळातळाने इकडे सरकले आहे. ते वर किती वेगाने येते? वरच्या कोमट पाण्यात किती मिसळते? हा वेग वर्षाला जेमतेम काही मीटर. आपल्या विहिरीला उन्हाळ्यात झरा फुटतो तेवढाही नाही. कुठल्याही यंत्राने हा वेग थेट मोजता येत नाही. बादलीत निळेचा थेंब टाकला की ती कशी पसरते त्यावरून पाणी किती हलते आहे ते कळते; समुद्रालाही तशी निळ हवी होती. आणि ती टाकायला माणूस अपुरा पडत असेल, तर आकाशातून आपोआप पडणारी निळ वापरावी, ही यातली खरी सूझ.

हा प्रश्न नुसता पोथीतला नव्हता. अमेरिका १९४६ पासून आणि ब्रिटन १९४९ पासून अणुकचऱ्याची पिंपे समुद्रात टाकत होते. खोल समुद्राचे पाणी पन्नास वर्षांत वर येते की हजार वर्षांत, यावर ते पाप कुणाच्या नातवंडांच्या ताटात येणार हे ठरणार होते. जगभरच्या कारखान्यांचा धूर समुद्र किती गिळणार, हेही याच हिशेबावर अवलंबून.

कार्बनचे घड्याळ त्यासाठी चालते, पण त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे. काही शतकांचा फरक त्यात बारीक दिसतो. मधल्या मापाचे घड्याळ हवे होते. ते सिलिकॉन-३२. पण ते किती दुर्मिळ! एका चौरस सेंटीमीटरच्या माथ्यावर, साऱ्या हवेचा उंच खांब धरला तरी, सुमारे दोन तासांत एखादा अणू तयार होतो. तो समुद्रात पडला की साध्या सिलिकॉनच्या महापुरात हरवतो.

हा साधा सिलिकॉन येतो कुठून? इथे आमच्या यवतमाळचा संबंध येतो. आमच्या काळ्या मातीखाली जो काळा खडक आहे तो पावसापाण्याने झिजतो आणि त्यातली सिलिका विरघळून नाल्यांना मिळते. नाले पैनगंगेला आणि वर्धेला मिळतात, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिथे डायटम नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती ही सिलिका उचलून काचेची घरे बांधतात. मेल्या की त्यांची घरे खाली बुडतात आणि बरीचशी वाटेत विरघळतात. म्हणजे राळेगाव-वणीकडच्या खडकाचा अंश आणि आकाशातून पडलेला किरणोत्सारी सिलिकॉन एकाच घराच्या भिंतीत बसतो. खडकातला सिलिकॉन कोट्यवधी वर्षांचा, त्यात घड्याळ नाही. घड्याळ फक्त आकाशातल्यात. दोघांचे प्रमाण वर काय आणि खाली काय, यात पाण्याच्या प्रवासाचा काळ लपलेला. अर्थात काचेची घरे स्वतःहून बुडतात, त्यामुळे पाण्याने नेले किती आणि घरांनी नेले किती हे वेगळे काढावे लागते, आणि तिथेच या हिशेबाची खरी डोकेदुखी आहे.

पीटर्स १९५८-५९ च्या सुमारास मुंबई सोडून कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत गेले. सिलिकॉनचे काम शिष्याने तडीला नेले. देवेंद्र लाल कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स सागरसंस्थेत गेले आणि १९६० साली त्यांनी एडवर्ड गोल्डबर्ग व मिनोरू कोइदे यांच्यासह सिलिकॉन-३२ निसर्गात सापडल्याचे जाहीर केले. युक्ती पाहण्यासारखी आहे. समुद्राचे प्रचंड पाणी गाळण्याऐवजी त्यांनी कॅलिफोर्नियाच्या आखातातले स्पंज घेतले. हे स्पंज आपला सांगाडा सिलिकेचा बांधतात, म्हणजे गाळण्याचे काम समुद्रातल्या जीवाने आधीच करून ठेवलेले. मोजणीची रीत आमच्या घरच्या गाईसारखी. सिलिकॉन-३२ चे रूपांतर फॉस्फरस-३२ मध्ये होते, आणि फॉस्फरसची टिकटिक जोरकस असल्याने तीच मोजायची. काही आठवडे थांबायचे, साठलेला फॉस्फरस काढून मोजायचा, पुन्हा थांबायचे, पुन्हा काढायचा. शास्त्रज्ञही याला धार काढणेच म्हणतात.

पुढे लाल, अरनॉल्ड आणि सोमयाजुलु यांनी आणखी एक पाऊल टाकले. स्नानाचा स्पंज लोखंडाच्या गंजासारख्या हायड्रॉक्साइडमध्ये भिजवायचा आणि समुद्रात सोडायचा. पाणी त्यातून वाहत जाते आणि सिलिकॉन चिकटून राहतो. ही रीत १९६४ ची. स्पंजाच्या जागी पुढे कृत्रिम धागा आला. १९७२ ते १९७८ या काळात जिओसेक्स नावाची मोठी सागरमोहीम अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी महासागरांत फिरली, तेव्हा हाच धागा जहाजावरून खोल पाण्यात उतरवला गेला. तोवर लाल अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले होते. लाल २०१२ साली गेले.

गंमत अशी की घड्याळाचे अर्धायुष्यच नीट ठाऊक नव्हते. सुरुवातीला सिलिकॉन-३२ चे अर्धायुष्य सातशे वर्षांच्या घरात धरले होते. पुढच्या मोजण्यांत ते उतरत उतरत दीडशे वर्षांच्या आसपास स्थिरावले. जुन्या वह्या पुन्हा काढाव्या लागल्या. दुसरीकडे अणुचाचण्यांनी आकाशात इतकी घाण केली की १९६३ च्या बंदी करारापर्यंत पावसातल्या नैसर्गिक टिकटिकीत बाँबची टिकटिक मिसळत राहिली. मात्र बाँबमधला जड हायड्रोजनच पुढे सागरशास्त्रज्ञांची आणखी एक निळ झाला.

एकूण चित्र काय निघाले? खोल समुद्राचे पाणी उलटायला हजार वर्षांच्या प्रमाणात काळ लागतो. १९६६ साली स्क्रिप्सचे वॉल्टर मंक यांनी किरणोत्सारी कार्बन आणि रेडियम यांच्या आधारे पॅसिफिकचा ताळेबंद मांडला आणि तो जुळायला किती मिश्रण हवे ते सांगितले. पुढे १९९२ मध्ये जेम्स लेडवेल यांच्या गटाने पूर्व अटलांटिकमध्ये तीनशे मीटर खोलीवर सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडले, सुमारे १४० किलो. आपल्या वीज उपकेंद्रांच्या ब्रेकरमध्ये असतो तो हा वायू. पाण्यात अगदी नगण्य असला तरी ओळखू येतो. महिनोन्‌महिने जहाजे त्याच्या मागावर फिरली. तो आडवा शेकडो किलोमीटर पसरला, उभा मात्र काही दहा मीटरच. मंक यांच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतके मिश्रण! ताळेबंदात दहापट फरक आला तर बँकेत रात्रभर दिवे जळतात. १९९६ मध्ये ब्राझीलसमोरच्या समुद्रात चार किलोमीटर खोलीवर हाच वायू सोडला, तेव्हा उत्तराचा एक भाग हाती आला. तळ जिथे डोंगराळ, खडबडीत, तिथे पाणी कितीतरी जोराने घुसळले जाते. शांत मध्यसमुद्रात जवळजवळ नाहीच. उरलेला हिशेब अजून चालू आहे.

कोपनहेगनमध्ये पीटर्स यांनी डेन्मार्कच्या अवकाश संशोधन संस्थेची धुरा सांभाळली. हॅना यांनी तिथेच स्त्रीबीजकोशावर नामांकित संशोधन केले. मुंबईतल्या शिष्याशी पीटर्स यांचे नाते तुटले नाही. विश्वकिरणांपासून पृथ्वीवर कोणता अणू किती बनतो याचा लाल आणि पीटर्स यांनी मिळून मांडलेला हिशेब १९६७ साली एका जर्मन ग्रंथमालेत आला, आणि पुढे कित्येक दशके जगभरचे भूशास्त्रज्ञ त्याच कोष्टकांवरून आकडे घेत राहिले. भारत सरकारने १९८५ मध्ये पीटर्स यांना पद्मभूषण दिले.

१९९३ साली कोपनहेगनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडन कराराच्या सभासद देशांनी कोणताही किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकण्यावर बंदी घालणारा ठराव मंजूर केला.